उलटं धुराडं

कापूस घरात आला की हिवाळाभर आमच्याकडे सगळं तरंगत असतं. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग आणि उन्हाच्या पट्ट्यात पांढरे तंतू. मी दुपारी खाटेवर पडून ते पाहते. झोप आहे की जाग, कळत नाही. या वयात त्याची फिकीरही नाही.

कवेलूच्या छपराच्या जुन्या घरात धूर असाच फिरायचा, निळा, सावकाश. वर जायचा आणि कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. मग मुलानं स्लॅबचं घर बांधलं. सरकत्या काचांच्या खिडक्या लावल्या. मला गॅसवरची भाकर आवडत नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चूल आणि तिच्यावर धुराडं ठेवलं. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात धूर नीट वर गेला. दारं उघडीच असायची.

थंडी पडली आणि चूल धुपायला लागली. जाळायच्या पऱ्हाट्या, कापसाच्या काड्या, कोरड्या ठणठणीत, तरी धूर तोंडावर यायचा. नातीला सहावं लागलं होतं. तिची छाती वाजू लागली. दिग्रसच्या डॉक्टरनं सांगितलं, पोरीला धुरापासून दूर ठेवा.

मुलगा म्हणाला, "माय, आयतवारी मिस्त्री येऊन राह्यला. चूल फोडतो."

"फोड. पण धूर काहून येते ते सांग पह्यले."

"चुलीतून येते. अजून कुठून?"

"मंग पावसाळाभर कुठं गेलता?"



सून सकाळी काय करायची ते मी रोज पाहत होते. दिवाळीत गॅसच्या वर भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला होता. धूर दिसला की ती तो लावायची. पोरीकडे धूर जाऊ नये म्हणून मधलं दार लोटायची. गार वारं नको म्हणून मागचं दार आणि खिडकीही बंद. धूर वाढला की पुन्हा पाहायची, पंखा चालू आहे ना. मायेनंच करत होती.

एका सकाळी मी चूल पेटवायला बसले. पंखा आधीच चालू होता. लुगड्याला कापसाचा पुंजका चिकटला होता, तो काढून चुलीच्या तोंडाशी धरला. सुटला आणि माझ्याकडे आला. पुन्हा धरला, पुन्हा माझ्याकडे. चुलीत विस्तव नव्हता, तरी आतून कुणीतरी हळूच श्वास सोडत असल्यासारखं वाटलं. मी किती वेळ तशीच बसून राहिले, सांगता येत नाही. मग उठून मागचं दार उघडलं. पुंजका परत धरला, तर जागीच डुलला. पंखा बंद केला आणि दोन वाळक्या काड्या पेटवल्या, तसा तो वळून आत गेला.

दोघांना बोलावून दाखवलं.

"पंखा हवा बाहेर फेकते," मी म्हणाले. "तेवढी हवा घरात यायले पायजे. दारं बंद, खिडकी बंद. मंग ते धुराड्यातूनच उतरते, धूर घेऊन."

सून म्हणाली, "म्हणजे मीच धूर घरात ओढून राह्यली होती?"

"हो."

"आई, तुम्ही थोडं तरी गोड बोलत जा."

"गोड बोलून धूर जाते का?"

मुलगा हसला. मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं. ठरलं की चूल पेटली की पंखा बंद आणि मागचं दार चार बोटं उघडं. चार दिवस पोरीची छाती शांत होती.

पाचव्या दिवशी चूल पेटवून ठेवली आणि मला हुडहुडी भरली. मी जाऊन पडले. सुनेनं गॅसवर मिरच्या तळताना सवयीनं पंखा लावला. मुलानं थंडी वाजते म्हणून मागचं दार लोटलं. कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दुपारपर्यंत पोरगी धापा टाकत होती. तिच्या पाठीला कान लावला. वाळल्या तुरीच्या शेंगा हलवल्यासारखा आवाज येत होता.

"मिस्त्रीले बोलाव," मी म्हणाले.

"काहून? तूच त दाखवलं, चुलीचा दोष नाही म्हणून."

"नाहीच. पण रोज ध्यान कोण ठेवील? पोरीले छाती एकच आहे."

चूल फुटली. धुराड्याचं भोक विटांनी बुजवलं. मागच्या अंगणात टिनाखाली नवी चूल मांडली. गार वाऱ्यात भाकर थापताना माझी बोटं आखडतात. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "बाई, आता तुमचा धूर माह्या घरात येते." तिला म्हटलं, सकाळी तासभर खिडकी लाव.

दुपारी पोरगी माझ्याजवळ निजते. मी तिच्या पाठीला कान लावून पडते. आत नुसता श्वास येतो आणि जातो. ऐकता ऐकता माझाही डोळा लागतो.