अडीचची पंगत

थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये राहायला जाताना जेवणाचे पैसे आधीच भरून टाकावेत की नाही, यावर आमच्या घरात पंधरा दिवस काथ्याकूट चालला होता. नवरा म्हणत होता, मुळीच नाही. आमची लेक नऊ वर्षांची, ती पाळण्यांपुढे जेवण विसरणार. त्याच्या वडिलांचं खाणं चिमणीएवढं. उरलो आम्ही दोघं. "दोन माणसांनी चौघांचं खायचं? आपण काय राक्षस आहोत?" असं तो म्हणाला. नणंदेचा फोनवरून नेमका उलटा सल्ला: आत डबा नेऊ देत नाहीत, साध्या सँडविचला सोन्याचा भाव, भरून टाका गुपचूप. बहीणभाऊ दोघंही नाकाने कांदे सोलणारे, त्यामुळे निकाल काही लागेना.

मी मात्र दुसऱ्याच दिवशी चौघांच्या तीन दिवसांच्या जेवणाचे पैसे भरून टाकले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. माझं गणित वेगळं होतं. मला बाबांना खायला घालायचं होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनचे व्यवस्थापक. रोजची आठशे ताटं, तीन पाळ्या. कामगार महिन्याच्या सुरुवातीला कूपनांचं पुस्तक घ्यायचे आणि रोज एक फाडून द्यायचे. सगळा कारखाना बाबांना कूपनकाका म्हणायचा. भाताचं भांडं उघडायच्या आधी नुसत्या वासावरून ते सांगत, खाली लागलाय की नाही. कूपनाच्या धंद्याची नस त्यांना पक्की ठाऊक. "कँटीनवाल्याचा नफा ताटात नसतो, न वापरलेल्या कूपनात असतो," असं ते नेहमी सांगत. आणि गंमत म्हणजे तो नफा मालकाला मिळू नये म्हणून तेच धडपडत. महिनाअखेरीला कुणाची दोन-चार कूपनं शिल्लक दिसली की निरोप जायचा, "तुमचं जेवण राहिलंय, या." मालक डोक्याला हात लावायचा. पण माणूस इतका कामाचा, की काढून टाकायची सोय नव्हती.

निवृत्त झाले तरी तब्येत ठणठणीत होती. मग आई गेल्या. माझ्या सासूबाई. त्याला तेरा महिने झाले होते, आणि त्या तेरा महिन्यांत बाबांचं जेवण घसरत घसरत दोन घासांवर आलं होतं. "भूक नाही गं," एवढंच म्हणायचे, तेसुद्धा हसून. सगळ्या तपासण्या झाल्या, एकीतही काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही याला. खायला घाला."

खायला घाला म्हणे! मी काय उपाशी ठेवत होते? ठीक बाराला गरम गरम ताट वाढत होते. घरातलं मोठं माणूस आधी जेवलं पाहिजे, हे माझ्या आईने मला लहानपणापासून शिकवलेलं. सासूबाई गेल्यावर तर बाबांचा मान माझ्याकडेच आला. टेबलाच्या मधल्या खुर्चीवर त्यांना बसवायचं, पहिलं ताट त्यांचं, आणि मी हातात डाव घेऊन शेजारी उभी. रोज नवीन भाजी, कमी तिखट, जास्त तिखट, सगळं करून पाहिलं. ते दोन घास खात, माझ्या स्वयंपाकाचं तोंडभरून कौतुक करत आणि उठत.

मी घरी शिवणकाम करते. लोकांचे कपडे कमीजास्त करून देते. त्या वर्षात मी बाबांच्या सगळ्या पँटांची कंबर दोनदा आत घेतली. दुसऱ्या वेळी टीप घालताना माझे हात थांबले. मला सरळ भीती वाटली, की असंच चाललं तर बाबा पुढचं वर्ष काही काढत नाहीत. नवऱ्यालाही कळत होतं, पण तो बोलायचा नाही. वडिलांच्या बाबतीत त्याचं घोडं नेहमी तिथेच अडतं.

म्हणून मी ही युक्ती काढली. पैसे भरलेलं कूपन वाया घालवणं बाबांच्या रक्तातच नाही. मग नऊ जेवणांचे पैसे आधीच भरले, की झक मारत जेवतील. मनातल्या मनात मांडे खात मी बॅगा भरल्या.

रिसॉर्टच्या काउंटरवरच्या मुलीने प्रत्येकाच्या मनगटावर एक केशरी पट्टा बांधला. जेवणघराच्या दारात तो यंत्राला लावायचा, की एक जेवण वजा. बाबांनी चष्मा सावरून नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचला.

"आजचं राहिलेलं उद्या चालतं का?"

"नाही आजोबा."

"पैसे परत?"

"नाही."

"एकाचं दुसऱ्याने खाल्लं तर?"

"नाही चालत. ज्याचा पट्टा, त्यानेच यायचं."

बाबा खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघ, जगात कुठेही जा, धंदा तोच. अर्धे लोक पाळण्यांच्या रांगेत उभे राहणार आणि यांची जेवणं वाचणार. आपलं एकही वाचू द्यायचं नाही." नवऱ्याला जेवणाचे पैसे भरल्याचं तिथे कळलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मी लगेच बॅग उचलून चालायला लागले.

पहिल्या दुपारी जेवणघर गच्च भरलेलं. तीनशे खुर्च्या, ट्रे घेतलेल्या माणसांची रांग, मुलांचा कलकलाट. मी "आजोबा आहेत, जरा जाऊ द्या" करत बाबांना रांगेत पुढे घातलं, खिडकीजवळ बसवलं, आणि सूप, भात, बटाटे, भाजी असा भरलेला ट्रे पुढ्यात ठेवला. त्यांनी दोन चमचे सूप घेतलं. मग मान वळवून हॉलच बघत बसले. "तिकडचा भात संपत आलाय. कुणाचं लक्ष नाही. रांगेत अजून साठ तरी माणसं असतील." ट्रे तसाच परत गेला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला अंडं लेकीच्या ताटात आणि ब्रेड खिडकीतल्या चिमण्यांना.

म्हणजे पट्टा यंत्राला लावायचा, कूपन वाया जाऊ द्यायचं नाही, पण खायचं नाही! माझ्या कायद्यातून बाबांनी पळवाट काढली होती. मी चांगलीच तोंडावर आपटले. त्यात नवरा पाळण्यांजवळच्या बाकावर बसून म्हणाला, "मी सांगितलं होतं, नाही परवडणार."

"तुला परवडण्याचं पडलंय?" मी म्हटलं. "तुझे वडील वाळत चाललेत, दिसतंय का तुला?"

"दिसतंय," तो म्हणाला, आणि एवढ्या हळू म्हणाला की मला पुढे भांडता येईना.

दुपारी तो लेकीला होडीच्या खेळाला घेऊन गेला. मी बाबांना घेऊन जेवणघराच्या दाराशी आले, तर ते म्हणाले, "तू जेवून घे. मी या बाकावर बसतो. मागाहून बघू."

मग मात्र माझा ताबा सुटला. भर रस्त्यात, फुगेवाल्यासमोर, मी त्यांना म्हटलं, "बाबा, मला रोज तुमच्या ताटातलं अन्न परत भांड्यात ओतायला लागतं. मी आणखी काय करू ते तरी सांगा. मी हात टेकलेत आता." मला रडू फुटलं. बाबा गडबडले. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. "तू जेव बाळ," एवढंच म्हणाले. मी जेवले कुठली! तशीच तरातरा होडीच्या खेळाकडे निघून गेले.

तिथे लेकीची तिसरी फेरी चालली होती. कठड्याला टेकून उभं राहिल्यावर राग उतरला आणि काळजी चढली. म्हातारा माणूस उपाशी, उन्हात, अनोळखी जागी, आणि मी ओरडून निघून आले. धावत परत गेले. पावणेतीन झाले होते. बाक रिकामा. फुगेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ते आजोबा? आत गेले की मघाशीच."

जेवणघर रिकामं झालं होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एकजण फरशी पुसत होता. पार टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, एका लांब टेबलाभोवती तिथलेच लोक जेवायला बसले होते. मुख्य आचारी असलेली एक धिप्पाड बाई, भांडी घासणाऱ्या दोघी, वाढपी. आणि त्यांच्यामध्ये बाबा. बाह्या दुमडून.

बाबा जेवत होते. नुसते जेवत नव्हते, तुटून पडले होते. भाताचा डोंगर अर्धा उतरलेला, बटाटे संपलेले, आणि तोंडात घास असतानाच त्या आचारीणबाईला सांगत होते, की भात मोठ्या भांड्यात झाकून ठेवला की वाफेने चिकटतो, पसरट ट्रेमध्ये काढा. ती म्हणाली, "अहो, जागा कुठे आहे?" आणि डावभर बटाटे त्यांच्या ट्रेमध्ये घातले. त्यांनी नको म्हटलं नाही.

एक खुर्ची खाली ओढली आणि बसले. तेरा महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला असं वाटलं.

आचारीणबाईने मला पाहिलं. "तुमचे का हे? अडीचला आले. दारातून विचारलं, सगळे जेवले का? म्हटलं, हो, झाले सगळे. आता आम्हीच राहिलोय. तर म्हणाले, मग तीनला बंद व्हायच्या आत मला पण वाढा, जेवण वाया जायला नको. पट्टा लावला आणि बसलेच आमच्यात."

सगळे जेवले का.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौतीस वर्षं बाबा अडीचला जेवले होते. आठशे ताटं उठल्यावर, आचाऱ्यांबरोबर, भांडी घासणाऱ्यांबरोबर. सुटीच्या दिवशी, आणि निवृत्तीनंतर रोजच, घरीसुद्धा सासूबाई आणि ते आमची सगळ्यांची जेवणं झाल्यावरच बसायचे. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा आग्रह करकरून थकले होते. आई म्हणायच्या, "आम्हाला तीच सवय आहे गं." त्या गेल्या, आणि मी मोठ्या मानाने बाबांना पहिल्या ताटावर नेऊन बसवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

संध्याकाळी बाकावर मी विचारलं, "बाबा, एकदा सांगायचंत तरी."

"काय सांगायचं? तू एवढ्या मानाने वाढायचीस. त्याला नाव ठेवू? लोक जेवायचे राहिले असताना मला घास उतरत नाही गं. आणि त्यात तू समोर उभी. सकाळपासून राबलेली, पोटात कावळे ओरडत असणार. उपाशी माणूस उभं आणि मी बसून खातोय. कसं खाणार, तूच सांग."

त्यांचं खाणं मीच अडवलं होतं, तेही हातात डाव धरून. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "जाऊ दे. तो बटाटा मात्र छान होता."

उरलेली जेवणं त्यांनी त्या लांब टेबलावरच घेतली, सगळ्यांच्या मागून. तिसऱ्या दिवशी आचारीणबाईने खरंच भात पसरट ट्रेमध्ये काढला होता. लेकीने मात्र तीन दिवस फक्त आइस्क्रीम खाल्लं, आणि आम्हा नवराबायकोची एकूण तीन जेवणं रांगांमध्ये बुडाली. परतताना बसमध्ये नवऱ्याने बाबांनाच विचारलं, "तुम्हीच सांगा, जाणकार तुम्ही. परवडलं का?"

"छे," बाबा म्हणाले. "साफ तोटा. रोख पैसे देऊन लागेल तसं घेतलं असतं तर बरंच वाचलं असतं. तुझ्या बायकोला कुणीही गंडवेल."

नवरा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर बघत हसत होते. त्याला म्हणावं, मांड तुझं गणित.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बाराला मी नवऱ्याला आणि लेकीला वाढलं. बाबांना हाक मारली नाही. फार जड गेलं ते. इतक्या दिवसांची सवय, हात आपोआप त्यांच्या ताटाकडे जात होता. ते पेपर वाचत खोलीत बसले होते. दोन वाजले. सव्वादोन. मला धाकधूक, की रिसॉर्टमधली गोष्ट वेगळी, तिथे पट्टा होता, गप्पा मारायला माणसं होती. इथे काय आहे?

अडीचला ते स्वयंपाकघरात आले. "जेवले सगळे?"

"जेवले."

"आणि तू?"

"मी राहिलेय."

त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. "बस," म्हणाले. लग्नाला बारा वर्षं झाली, त्या घरात मला कुणी बसवून वाढलं नव्हतं, आणि मीही कधी बसले नव्हते. त्यांनी आधी माझं ताट वाढलं, मग स्वतःचं, आणि समोर बसले. आम्ही दोघं जेवलो. ते बोलत होते कमी आणि जेवत होते जास्त. दोनदा भात घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी भांड्यात डाव घातला, तर तो तळाला वाजला.

"संपला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या दोन घासांच्या हिशेबाने मी रोजच्यासारखे मूठभरच तांदूळ जास्त टाकले होते.

"थांबा," मी म्हटलं, "लावते अजून." आणि डोळे पुसत तांदूळ धुवायला उठले.