लेव्हलसाहेब आणि न उघडलेलं झाकण

लेव्हलसाहेब कुणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी संडासाची टाकी बघायला मागत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथेही परसात जाऊन झाकण उघडलं आणि मुलीच्या बापाला सुनावलं, "टाकीला मधली भिंत नाही. घराला शिस्त नाही." जमत आलेलं लग्न मोडलं. साहेबांच्या मते पुतण्या वाचला. पुतण्या मात्र चार वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

नव्वदच्या दशकात मी शहापूरच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. साहेबांचे नकाशे शाईने उतरवून काढायला माझ्याकडे यायचे. उतार मोजायची, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी कायम त्यांच्या खांद्यावर, म्हणून हे नाव. जेवतानाही ती शेजारी असे. एवढा मान त्यांच्या बायकोला मिळाला असेल असं वाटत नाही.

डोळखांबच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथले तेव्हाचे सरपंच अजून हयात आहेत. खाली सगळा कातळ, मोठी गटारं खणणं अशक्य. साहेबांनी तोडगा काढला: प्रत्येक घराने टाकी बांधायची, गाळ तिथेच बसेल आणि वरचं पाणी तेवढं चार इंची पाइपातून गावाबाहेर जाईल. "घट्ट ते घरात, पातळ ते पाइपात," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की आमचा शिपाई चहा गाळतानाही तेच म्हणू लागला.

उतार मोजताना खालच्या आळीतली जनाबाई म्हणाली, "सायेब, पानी खाली जातं ते आमाला म्हायत हाय. त्याला नळी कशाला?"

"किती खाली, ते माहीत आहे का?"

"माज्या अंगणापर्यंत."

साहेबांनी तिला अर्धा तास गुरुत्वाकर्षण समजावलं. बिचारीची लावणी खोळंबली.

काम संपल्यावर घरोघरच्या टाक्या तपासून दाखला द्यायचा होता. साहेबांनी सगळी झाकणं उघडली, एक सोडून. सरपंचांकडे कोंबडी होती, शाल होती, नारळ होता. असं जेवून उठल्यावर यजमानाची टाकी बघायची त्यांना लाज वाटली. मुलीच्या बापासमोर न लाजलेला माणूस सरपंचांसमोर लाजला आणि सही करून मोकळा झाला.

पंधरा दिवसांत जनाबाईच्या अंगणात मैला वर आला. तिने साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. "पाइपच बारीक," सरपंच चारचौघांत म्हणाले, "साहेबांनी गाव बुडवलं." साहेबांनी पहार घेतली आणि पाइप उकरत उकरत थेट सरपंचांच्या नव्या ओट्यापर्यंत गेले. तिथे टाकी नव्हतीच. संडास सरळ पाइपात सोडला होता.

वरिष्ठांनी सुचवलं, ठेकेदाराने फसवलं असं लिहून द्या. साहेबांनी खुलासा तीनदा लिहून फाडला. चौथ्यांदा एकच ओळ लिहिली: "त्या घरची टाकी मी पाहिली नाही."

"साहेब, बढती जाईल," मी म्हटलं.

"जाईल," ते म्हणाले.

बढती गेली, बदली मुरबाडकडे झाली. सरपंचांना ओटा फोडून टाकी बांधावी लागली. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा निवडूनही आले. त्यानंतर पाइप मात्र एकदाही तुंबला नाही. कचेरीत हे कुणी बोललं नाही.

निरोपसमारंभ कुणी ठेवला नाही. साहेब स्टँडवर ट्रंकेवर बसले होते, शेजारी मी. तेवढ्यात जनाबाई आली आणि नाचणीच्या पापडांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"शिव्या घातल्या त्या परत घेत नाय," ती म्हणाली. "पन दोन दिस बादल्या वाहून माजं अंगण तुमीच धुतलंत. दुसरं कोन नाय आलं."

"शिव्या बरोबरच होत्या, बाई," साहेब म्हणाले.

मुरबाडची गाडी लागली. जनाबाईने ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी मी.