चंद्राक्कांना टोकन नव्हतं

चंद्राक्का कुणाला भेट द्यायच्या, तर आधी वस्तूवरची किमतीची चिठ्ठी अंगठ्याच्या नखाने खरवडून काढायच्या. डिंकाचा चिकट डाग राहिला तर बोटाला खोबरेल लावून तोही पुसायच्या. "अगे मंगळे, किंमत राहिली की तें सामान होतें. भेट होत नाही," म्हणायच्या. माझ्या लेकीच्या, जान्हवीच्या, दर वाढदिवसाला त्यांच्याकडून काही ना काही यायचं. कधी पावडरचा डबा, कधी केसांचे चाप, कधी काजूचं पाकीट. सगळं कोरं, बिनचिठ्ठीचं. मला त्या नखाचं भारी कौतुक होतं. आज ते आठवलं तरी संताप येतो, आणि संताप ओसरला की रडू येतं.

कुंभकोणमला महामहम तळ्यापासून पाच मिनिटांवर आमचं दुकान आहे. किराणा, साबण-पावडर, स्टीलची भांडी; गिऱ्हाइकाने स्वतः फिरून टोपलीत घ्यायचं. मी गल्ल्यावर बसते, माझे यजमान रघुनाथ मालाचं बघतात. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली आमच्यासारखी मराठी घरं आता थोडकीच उरलीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. लिहायची मराठी मी पुण्याच्या आत्तेसासूबाईंना पत्रं लिहून लिहून शिकले. बोलायची मात्र इथलीच, ऐकून पुण्याची माणसं हसतात.

चंद्राक्का दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगा चेन्नईला. सून तमिळ, नातवंडं तमिळ. "मराठी बोलून चार दिवस झाले की माझ्या जिभेला गंज चढतो गे," म्हणत रोज अकराला दुकानात हजर व्हायच्या. गल्ल्याशेजारी त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलेलं होतं. खांद्याला पिवळी कापडी पिशवी. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना नारळ-विडा घालून देतात तसली, आणि तीही आमच्याच लग्नातली. तिच्यावर तमिळ अक्षरांत आम्हा दोघांची नावं छापलेली होती. अक्षरं निम्मी उडाली, तरी त्यांनी पिशवी बदलली नाही. "तुमचं लगीन मी रोज खांद्यावर घेऊन फिरतें," म्हणायच्या.

दुकानाचा नियम असा, की दारावरच्या आमच्या नोकराकडे, सेल्वमकडे, पिशवी ठेवायची, टोकन घ्यायचं, मग आत यायचं. चंद्राक्कांना टोकन नव्हतं. सेल्वमने एकदा विचारलं होतं, तेव्हा मीच त्याला झापलं. "आमच्या घरचं माणूस आहे ते," म्हटलं. खरं तर नातं काहीच नव्हतं. आपली भाषा बोलते म्हणजे आपली, एवढाच माझा हिशेब. आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. पाचशे माणसांत एक मराठी शब्द कानावर पडला की आम्ही घराच्या किल्ल्या हातात द्यायला निघतो.

दोन वर्षांपूर्वी दुकानातून वस्तू जायला लागल्या. काजू, तोंडाला लावायची क्रीमं, छोटे डबे. रघुनाथ वैतागले. मी चंद्राक्कांपाशी रडगाणं गायलं, तर त्यांनी पदर खोचला. "तूं गल्ला पाह्य. अस्क लोकांवर माझा डोळा." अस्क म्हणजे सगळे. मग त्या स्टुलावर बसून मला मराठीत खबर द्यायच्या. "ती लाल काठाची पाह्य. हिकडे तिकडे कायकी शोधतेय." गिऱ्हाइकांना शब्द कळायचा नाही, आणि आम्हा दोघींना आमच्या हुशारीचं हसू यायचं. तीन-चार बायकांना मी दारात थांबवलं. कुणाकडे काही निघालं नाही. एक तर माझ्यासमोर उभी राहून रडली. चंद्राक्का म्हणाल्या, "चतुर असतात गे त्या. मधेच टाकून देतात." मला ते पटलं.

बाजूच्या बोळात उघडणारं दुसरं दार बंद करा, हेही त्यांचंच. "दोन दारें कशाला? एक तुझ्या गिऱ्हाइकांचें आणि एक चोरांचें?" आम्ही दोघं हसलो आणि त्याला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सेल्वम तापाने घरी होता, त्याच्या जागी त्याचा मेहुणा दारात उभा होता. त्या बिचाऱ्याला चंद्राक्का कोण ते काय ठाऊक? त्या निघाल्या, तेव्हा त्याने हात जोडून पिशवी बघायला मागितली. त्या हसल्या. "मंगळे, ह्यास सांग मी कोण तें!" मी बिलांत बुडालेली. हातानेच थांबा म्हटलं. तो पिशवीकडे बघत उभाच राहिला.

तेवढ्यात त्यांचा आवाज चढला. "मंगळे! ती निळी साडी पाह्य! कमरेंत खोंचलें तिनें, मी पाहिलें!"

मी क्षणभरही विचार केला नाही. तमिळमध्ये ओरडले, "त्या निळ्या साडीला धर! बाहेर सोडू नकोस!" मेहुण्याने घाबरून शटर अर्धं खाली ओढलं. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं मारामारी. आतली माणसं बोळाच्या दाराकडे धावली. त्याला कुलूप. तिथून ती उलट फिरली, पुढच्यांवर आदळली. बायका किंचाळत होत्या, मुलं टोपल्यांत अडकून पडत होती. मी कमरेची किल्ली चाचपत गल्ल्यामागे अडकले होते. दोन मिनिटांत शटर वर गेलं. पण तेवढ्यात तिरुनागेश्वरम्‌हून मुरुक्कूचं, म्हणजे चकलीचं, पीठ घ्यायला आलेली एक म्हातारी खाली पडली होती, आणि तिला उठता येत नव्हतं.

निळ्या साडीवालीच्या कमरेला तिची स्वतःची औषधाची डबी निघाली.

चंद्राक्काही रेटारेटीत दाराशी आपटल्या होत्या. पिशवीचा बंद तुटला होता. फरशीवर काजूची दोन पाकिटं, क्रीमची डबी, उदबत्तीचा पुडा, आणि स्टीलचा छोटा डबा, झाकणावर ससा कोरलेला. पुढच्या आठवड्यात जान्हवीचा वाढदिवस होता. डब्यावरची आमच्या दुकानाची चिठ्ठी अर्धी खरवडून झालेली होती.

सगळे त्या पसाऱ्याकडे बघत होते. चंद्राक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, रोज बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मंगळे, ह्यांना तमिळांत सांग, हें अस्क मी विकत घेतलेलें आहे. तुझें ऐकतील हे लोक."

मी काहीच सांगितलं नाही. मराठीत नाही, तमिळमध्येही नाही. त्यांनी वाट पाहिली, मग तुटकी पिशवी तिथेच टाकून निघून गेल्या.

कॅमेरा होता की, असं सगळे विचारतात. होता, पण स्टुलाकडे कोण बघणार? त्या रात्री नाही, दोन दिवसांनी रघुनाथ जुनं चित्रण घेऊन बसले. मी नाही पाहिलं. ते बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "ज्या ज्या वेळी तू कुणाला दारात थांबवलंस ना, त्या त्या वेळी चंद्राक्का तिच्या मागून बाहेर पडल्यात." मग जान्हवीच्या कपाटातल्या त्या सगळ्या कोऱ्या भेटी मी एकेक करून बाहेर काढल्या. आमच्याच दुकानातला माल आमच्याच घरी, आणि मी दरवेळी "कशाला अक्का एवढं" म्हणत त्यांच्या पाया पडत होते.

वस्तूंचं मला काही वाटत नाही. मागितल्या असत्या तर रोज भरून दिल्या असत्या. पण आमची भाषा त्यांनी आडोशाला वापरली. माझ्या तोंडून दुसऱ्या बायकांना चोर ठरवलं, आणि मी आपली ठरवत गेले. हे मला माफ करता येत नाही. त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. खर्च आम्ही केला, भेटायलाही गेलो. ती बिछान्यातून तमिळमध्ये म्हणाली, "असू दे ग पोरी, गर्दीत होतं असं. पण चोरटी सापडली का?" मी मान हलवली. तिला काय समजायचं ते समजू दे म्हटलं. ती आता काठी घेऊन देवळाच्या पायरीपर्यंत जाते, पुढे नाही.

चंद्राक्कांकडे मी एकदाच गेले. दारातच उभी राहिले. "अक्का, ती निळ्या साडीवाली. तिनं काय बिघडवलं होतं तुमचं?"

त्यांनी पदराला बोटं पुसली. "तो मेला पिशवीकडे पाहत होता. कोणाकडे तरी पाहायला नको त्याला?" मग म्हणाल्या, "येशील ना गे बोलायला? इथें कोण आहे मला?"

मी गेले नाही. पोंगलच्या आधी मुलगा येऊन त्यांना चेन्नईला घेऊन गेला. तिथे कुणाशी मराठी बोलतात, मी विचारलेलं नाही.

बोळाचं दार आता दुकान उघडं असेपर्यंत उघडं असतं. वस्तू जातात थोड्या, जाऊ देत. टोकन सगळ्यांना आहे, माझ्या सख्ख्या मावशीलासुद्धा. स्टूल मी काढून टाकलं.

मागल्या महिन्यात तिरुविडैमरुदूरहून एक वयस्क बाई आल्या. गल्ल्यावर मी फोनवर जान्हवीला मराठीत रागावत होते, ते त्यांनी ऐकलं. चेहरा असा उजळला त्यांचा! खांद्यावरची पिशवी सावरत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगे, तूं आपल्यांतलीच कीं काय?"

मी फोन ठेवला, आणि त्यांना तमिळमध्ये सांगितलं, पिशवी दारात ठेवून टोकन घ्या.