चांदण्या गाळलेली प्रत

शास्त्रीबोवांच्या निबंधातल्या सगळ्या चांदण्या मी गाळल्या. ठाण्याच्या कचेरीत मी नक्कल-कारकून होतो. बिनडागी प्रत काढणारा म्हणून माझी ख्याती होती. निदान माझ्या तोंडून तरी.

कल्याणच्या ह्या शास्त्रीबोवांनी एका म्हाताऱ्या पाद्र्याला संस्कृत शिकवून त्याच्याकडून लॅटिन घेतले. मग अकरा वर्षे एकाच शब्दाच्या मागे लागले. शब्द ‘सोक्रुस’, म्हणजे सासू. आपल्या ‘श्वश्रू’चीच ही बहीण, असे ते सांगत. त्यांच्या थोरल्या विधवा बहीण आक्का चुलीपुढून म्हणत, की माझी सासू मला पुरून उरली, आता ह्याने इटलीतून दुसरी आणली.

लॅटिनच्याही आधी इटलीतली माणसे ‘स्वेक्रुस’ म्हणत असावीत, असा त्यांचा सिद्धान्त. एकाही दगडावर हा शब्द नाही. इतर भाषांतल्या सोयऱ्या शब्दांवरून ताडलेला. “कोरायचं राहून गेलं म्हणून काय ती माणसं मुकी होती?” ते म्हणत.

गावातली ऐकीव बातमी सांगतानाही ते बोटाने हवेत फुलीसारखे काहीतरी काढीत. मला वाटे, माशी हाकलतात.

मोतीबिंदूने त्यांना अक्षर दिसेनासे झाले, तेव्हा मुंबईच्या एका विद्वत्सभेसाठी निबंधाची स्वच्छ प्रत मी काढली. काही शब्दांच्या डोक्यावर चांदणीसारख्या बारीक खुणा होत्या; मला ते बोरूचे शिंतोडे वाटले, म्हणून गाळले. शास्त्रीबोवांनी चाचपत सही केली.

निबंध परत आला. सोबतचे पत्र मीच वाचून दाखवले : हे शब्द कोठेही आढळत नाहीत, लेखकाने ते पदरचे रचून सापडल्याचे भासवले आहे.

“चांदण्या आहेत ना रे?”

मी विचारले, कसल्या? तेव्हा त्यांनी समजावले, अगदी शाळेतल्यासारखे : चांदणी म्हणजे हा शब्द मी पाहिलेला नाही, ताडलेला आहे, अशी कबुली. मी सभेला लिहून चूक पत्करतो म्हणालो. त्यांनी हात वर केला. “सही माझी आहे. न वाचता केली. मग लबाडही मीच.”

पुढे ते बातम्या सांगेनासे झाले. बोट मांडीवरून उठेना. त्याच थंडीत गेले.

तेराव्याला मी आक्कांना भीत भीत विचारले, शेवटी माझी आठवण काढली का?

“काढली की,” आक्का म्हणाल्या. “म्हणाला, त्या कारकुनाला अक्कल असावी, हा माझा तर्क. चांदणी घालायची राहिली.”