दमधर

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून आधीच माफी मागते. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण आत्याबाईंसारखं माणूस ज्यांच्या घरात होऊन गेलं, त्यांच्या हाती हे कधी लागलंच, तर त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हर्सूलला आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'दमधर' म्हणायचे, कारण त्यांच्या तोंडात उठता-बसता तोच शब्द. नळाला पाणी उशिरा आलं, दम धर. भात कच्चा राहिला, दम धर. माझ्या नवऱ्याचं टेम्पोवरचं काम सुटलं आणि मी दारामागं रडत बसले, तेव्हाही पाठीवर हात ठेवून, "दम धर, पोरी." आणि हे सांगणाऱ्या बाईलाच मोरीपर्यंत गेलं की दम लागायचा.

त्यांचं अर्धं आयुष्य सिल्लोडला जिनात गेलं. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना. दिवसभर डोक्यावर कापसाची गठडी, नाकातोंडात तंतू, आणि घरी आलं की चुलीचा धूर. "संध्याकाळी घरी यायचे तर केस पांढरेफेक. पाव्हणे विचारायचे, ही म्हातारी कोण?" असं सांगून हसायच्या आणि हसता हसता खोकायला लागायच्या. तो खोकला थांबेपर्यंत घरात कोणी कोणाकडे बघत नसे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हे पूर्ण बरं होणारं दुखणं नाही, सांभाळायचं दुखणं आहे. औषधाचा पंप दिला आणि श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या बाई अगदी तरुण होत्या. म्हणाल्या, "आजी, नाकानं श्वास घ्या आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून हळूहळू सोडा."

आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला. "अगं माय! या वयात शिट्ट्या मारू का? लोकं काय म्हणतील?"

बाई हसल्या, पण आत्याबाई काही ओठ करेनात. शेवटी मीच, जिला चारचौघांत बोलता येत नाही, हळूच म्हटलं, "आत्याबाई, बशीतला चहा फुंकता तसं." तेव्हा लगेच जमलं. त्या दिवसापासून आमच्या घरी व्यायामाला 'चहा फुंकणं' असंच नाव पडलं. फुंकायचा कसा, तर चहावर लाट उठावी, पण बशीबाहेर थेंब सांडू नये.

पोटानं श्वास घ्यायला शिकवताना बाई म्हणाल्या, लुगड्याची गाठ जरा सैल करा, पोट फुगू द्या. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "जिनात गाठ सैल ठिवली असती ना, तर मशीनच्या पट्ट्यात लुगडं जाऊन मी पण गेले असते." तरी घरी आल्यावर गाठ सैल केली. पोटावर हात ठेवून बसल्या की मला म्हणायच्या, "बघ, वर येतोय का?" तेवढा वेळ त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

अवघड गेलं ते दुसरंच. बाईंच्या ध्यानात आलं की खुर्चीवरून उठताना आत्याबाई श्वास रोखून धरतात. "आजी, धरू नका. सोडत सोडत उठा."

"ओझं उचलताना दम धरायचाच असतो. तू कधी गठडं उचललंस का, माय?"

"नाही उचललं. पण तुमच्या छातीत जुनी हवा अडकून राहते. ती बाहेर गेल्याशिवाय नवी कुठून येणार?"

आत्याबाई घरी जाताना रिक्षात म्हणाल्या, "जुनी हवा म्हणजे जिनातलीच असंल, व्हय गं?" मी बाहेर बघत राहिले.

आयुष्यभर दम धरलेल्या बाईला तो सोडायला शिकायचं होतं. उठताना धरायच्या, मग माझ्याकडे बघून खाली बसायच्या आणि पुन्हा सोडत उठायच्या. व्यायामानं दुखणं गेलं नाही, पण मोरीपर्यंत न थांबता जाता येऊ लागलं. नळावर दोन बायका भांडल्या तर आता ओट्यावरून ओरडायच्या, "सोड की गं!" शेजारच्या बायका म्हणाल्या, "दमधर आजी, आता तुमचं नाव बदलावं लागतंय." तर म्हणाल्या, "बदला की. लई दिवस थोडंच वापरायचंय?"

पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. आत्याबाईंनी स्पष्ट नकार दिला. "उधारीच्या हवेवर मला जगायचं नाय. मी चहा फुंकीन." पण ओठ निळे दिसत होते आणि एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. नवरा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे पैसे नव्हते.

मी बचत गटात जाते, पण बैठकीत कधी तोंड उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी उठताना श्वास हळूहळू सोडला आणि म्हटलं, "मला कर्ज पाहिजे. सासूबाईंच्या मशीनसाठी." सगळ्या वळून बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "अगं बाई, हिला आवाज आहे!" हसल्या सगळ्या, पण कर्ज दिलं.

आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "फेडशील?"

"फेडीन."

"अर्धं ठिवायचं नाय. जिनातली माझी मैतरीण कर्ज ठिवून मेली, तर लोकं तिच्या पोरांना तिच्या नावानं दारात बोलायची. माझं नाव तसं निघू देऊ नको."

मशीन आलं आणि घरात दिवसभर त्याची घरघर सुरू झाली. लाईट गेली की ते ओरडून बंद पडायचं. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून चहा फुंकायचो. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. लाईट येईपर्यंत माझ्या डोळ्यांवरची त्यांची नजर हलत नसे.

उन्हाळा लागला आणि त्यांना व्यायामही होईना. एका दुपारी मशीन चालू होतं, लाईट होती, सगळं होतं. मी म्हणत होते, "सोडा, आत्याबाई, हळू सोडा." त्यांनी सोडला. पुढचा घेतला नाही.

नंतर नवरा म्हणाला, मशीन विकू, तेवढंच कर्ज हलकं होईल. जुन्या मशीनला कोणी निम्मे पैसेही देईना. दिले तेवढ्यात विकलं आणि ते पैसे गटात भरले. बाकीच्यासाठी मी साड्यांना फॉल-बिडिंग करायला घेतलं. काही महिन्यांत हप्ता चुकला, तेव्हा गटातल्या बायकांची बोलणी मी खाली मान घालून ऐकली. पण बोलणं मला बसलं, आत्याबाईंच्या नावाला नाही. घरात आता घरघर नसते. कधी कधी काम करताना माझाच श्वास मला ऐकू येतो आणि नको वाटतं.

आज बैठकीत शेवटचा हप्ता दिला. अध्यक्ष बाईंनी पैसे मोजले, माझ्या नावापुढं रेघ ओढली आणि म्हणाल्या, "फिटलं गं तुझं." मी त्यांना म्हटलं, जरा मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. त्यांनी सांगितलं. आत्याबाईंचं सगळं कर्ज फिटलं.