मलंगगडचा वाटाड्या

कल्याणहून मलंगगडावर जायचं म्हटलं की आम्ही कचेरीतले लोक दर हिवाळ्यात हाच वाटाड्या धरायचो. पायथ्याच्या वाडीतला आगरी, पन्नाशीचा आणि पक्का थापाड्या. चढ कितीही उरलेला असो, हा म्हणणार, "जवलच हाय!" भटजी सोबत असले की गडावर पेशव्यांचा खजिना असायचा, गोरा साहेब असला की तिथेच साहेबाच्या आजाने तोफ डागलेली असायची. शेवटच्या कड्याखाली मात्र हा तंबाखू मळत बसायचा. "वर थंड पान्याचं टाकं हाय, पिऊन या. मी जोडे राखतो."

एकदा आमचे शिरस्तेदार उतरताना त्या कड्यावर मधोमध अडकले. खडकाला मिठी मारून रामरक्षा म्हणू लागले. तंबाखू थुंकून हा वर चढला आणि त्यांचा एकेक पाय हाताने खोबणीत ठेवत त्यांना खाली घेऊन आला. तोंडाने "जवलच हाय, रावसाहेब" चालूच.

खाली आल्यावर हा मला बाजूला ओढून हळूच म्हणाला, "मी कदी पार वर गेलोच नाय हो. बापूस सांगायचा, तेच सांगतो. टाकं हाय ना खरंच?"