अंड्याला खिडकी पाडणाऱ्या बाई

आमच्या बाई दुपारचा डबा सूक्ष्मदर्शकासमोर बसून खात. स्टाफरूममध्ये त्या कधी बसल्याचं मला आठवत नाही. एका हातात पोळीची गुंडाळी, डोळा भिंगाला, आणि खाली कवचाला नखाएवढी खिडकी पाडलेलं कोंबडीचं अंडं. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी. करत होते. सगळे त्यांना ‘अंडेवाल्या बाई’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

गर्भात मेंदू कसा घडतो, एवढाच त्यांचा ध्यास. “पेशीला एकटीला काही कळत नाही गं,” त्या म्हणत. “खालच्या थरातली शेजारीण निरोप धाडते, तू कातडी होऊ नकोस, मेंदू हो. मग ती बदलते.”

तो निरोप नेमका कशाचा असतो, हे तेव्हा कुणालाच उमगलं नव्हतं. बाई तो खालचा थर सुईनं अलगद उचलून दुसरीकडे लावून बघत. मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापे आणि गर्भ मरत. “गेला,” एवढंच म्हणून त्या दुसरं अंडं घेत.

अशाच एका उन्हाळ्यात आमचे शिपाई महादेवराव गावाहून परतले. भिवापूरला त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं, कवटीचा वरचा भागच नसलेलं. ते लगेच गेलं.

“सून जेवत नाही, बाई. बाया म्हणून राहिल्या, हिनं ग्रहणात मिरच्या कापल्या. मी काय सांगू तिले?”

बाईंनी सुई खाली ठेवली. “उद्या मी येते.” मलाही सोबत घेतलं.

भिवापूरच्या घरात महादेवरावांची सून सुशीला भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाई तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या. दोन्ही तळवे जवळ आणत म्हणाल्या, “बाळाचा मेंदू आधी सपाट असतो, मग असा मिटत जातो. तुझ्या बाळाचा मिटला नाही. दिवस गेलेत हे तुला नीट कळायच्या आतच ते घडलं. ग्रहणाचा काही संबंध नाही.”

“तुमाले कसं माहीत?”

“माझंही बाळ असंच गेलं. मला हे सांगायला कुणी आलं नाही. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं.”

दारात उभी असलेली सासू हळूच आत आली. “ऊठ वं पोरी, दोन घास खाऊन घे,” म्हणाली.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

निवृत्तीनंतर त्या नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला राहायला गेल्या. तेव्हा तिकडे सगळे रिकामे प्लॉट. निरोपाचं कोडं सुटलं नव्हतंच. एकदा भेटायला गेले तर आवाज घोगरा झालेला. “बऱ्याच दिवसांत कुणाशी बोलले नाही ना,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सुशीला आली, सोबत तिची लहानगी. पोरगी थेट फाटकाबाहेर पळाली.

“शकू, इकडे ये वं!” सुशीलानं हाक मारली.

“आले,” म्हणत बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि तशाच थांबल्या.

सुशीला ओशाळली. “मामाजीनं तुमचं नाव सांगितलं होतं,” ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. “ पोरीले तेच ठेवलं.”

आई गेल्यापासून बाईंना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्या सावकाश खाली बसल्या.

“अजून एकदा मार ना हाक,” त्या म्हणाल्या.